वजन उतरूनही धोका वाढवणारं औषध

काही जण म्हणतात की कुठल्याही औषधाने वजन उतरलं की हृदयाचा धोका आपोआप कमी होतो. हे मला अजिबात पटत नाही. सिब्युट्रामिन या वजन उतरवायच्या गोळीची गोष्ट चर्चेत यायलाच हवी. हृदयविकार, मधुमेह किंवा दोन्ही असलेल्या सुमारे ९,८०० जणांवर झालेल्या 'स्काउट' चाचणीत या गोळीने वजन घटलं, पण हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ती बाजारातून गेली, २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. फेंटरमाइन हे वजन उतरवायचं दुसरं औषधही नाडी आणि रक्तदाब वाढवू शकतं, हृदयविकार असेल तर ते घ्यायचंच नाही.

सेमाग्लुटाइड या वजन उतरवायच्या इंजेक्शनचं तसं नाही. २०२३ च्या 'सिलेक्ट' चाचणीत मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांमध्ये अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. पण या सगळ्यांना आधीच अटॅक, स्ट्रोक किंवा पायाच्या धमन्यांचा आजार होता. नुसतं पोट सुटलेल्या तिशीतल्या माणसाने हा आकडा स्वतःला लावू नये.

आणखी एक. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू झाल्यावर वजनाबरोबर रक्तदाबही उतरत गेला आणि उठताना चक्कर यायला लागली. शेवटी डॉक्टरांनी बीपीची गोळी कमी केली. तेव्हा इंजेक्शन चालू असताना घरी बीपी मोजत राहा, आणि गोळ्यांचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा.