‘कॉन्स्टंट हीट फ्लक्स’ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: डिप्लोमाच्या मुलांसाठी उष्णता विनिमयकावरचं (हीट एक्स्चेंजर, एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) प्रकरण मराठीत करतेय. नळीतल्या प्रवाहाच्या दोन सीमा-अटी आहेत, म्हणजे भिंतीपाशी काय ठरलेलं धरायचं ते. एकीत भिंतीचं तापमान लांबीभर सारखं, दुसरीत भिंतीच्या दर चौरस मीटरमधून आत शिरणारी उष्णता सारखी. मी ‘स्थिर तापमान’ आणि ‘स्थिर उष्णता-अभिवाह’ लिहिलं. तपासनिसांनी दोन्ही ‘स्थिर’ खोडले. म्हणे, स्थिर म्हणजे काळानुसार न बदलणारं. पुढच्याच पानावर ‘स्थिर अवस्था’ आहे, हेही खरं.

टळटळीत: ‘एकसमान’ लिहा. ‘कॉन्स्टंट’ हा इंग्रजीतलाच ढिसाळपणा, आपण कशाला उचलायचा?

साखरवाले नाना: आमच्या ज्यूस हीटरमध्ये ट्यूबांच्या आत रस, बाहेर व्हेपर, म्हणजे वाफ. व्हेपरचं पाणी होतं ते एकाच तापमानाला, म्हणून भिंत जवळपास सगळीकडे सारखी. आम्ही त्याला कधी काही नाव दिलं नाही. प्रेशर बघितलं की तापमान कळायचं.

ठिणगी: मला ‘अभिवाह’च खटकतो. सरकारी शब्द! साधा ‘धग’ का नको?

टळटळीत: धग लांबून लागते. शेकोटीला नळी लावलीय का?

ठिणगी: मग ‘आच’ घ्या. संस्कृत ‘अर्चिस्’वरून आलाय, कुळशीलही चोख. शिवाय ‘मंद आचेवर ठेवा’ म्हणतो तेव्हा आपण उष्णता ठरवतो. तापमान भांड्यातल्या पदार्थावर सोडतो. मोदक वाफेवर उकडले की उलट, तिथे तापमान ठरलेलं. दोन्ही सीमा-अटी आजीला येत होत्या.

मास्तर: उपमा झकास, पण आच म्हणजे जाळाचा जोर. चौरस मीटरचा हिशेब त्यात कुठे? आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही. गोल नळीत, प्रवाह स्तरीय (थराथराने संथ वाहणारा) आणि पूर्ण विकसित (पुढे वाटेत ज्याची घडण बदलत नाही असा) असेल, तर भिंतीचं तापमान एकसमान धरून नुसेल्ट अंक, म्हणजे भिंतीकडून द्रवाला उष्णता किती सहज मिळते त्याचं माप, 3.66 येतो, अभिवाह एकसमान धरून 4.36. जवळपास एकोणीस टक्क्यांची तफावत. प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे घुसळत वाहणारा, झाला की ती बहुतेक मिटते. सोडियमसारखे द्रव धातू मात्र अपवाद. खऱ्या ऑइल कूलरमध्ये तर दोन्ही द्रवांचं तापमान वाटेत बदलतं, तिथे या दोन्ही अटी सोयीपुरत्या.

भाषांतरवाली: म्हणजे नळीवर तापतार गुंडाळली तर दुसरी अट?

मास्तर: हो, वेढे सारख्या अंतरावर हवेत. भिंतही मग वाटेत तापत जाते, साधारण द्रवाच्याच चढाने. उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन द्रवांची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सारखी असेल तरी तेच. दोघांच्या तापमानातलं अंतर कायम राहतं.

शुद्धमती: सगळ्यांनी ‘सीमा-अट’ बिनबोभाट स्वीकारलंय! संस्कृत अधिक देशी, असा समास कानाला टोचतो. ‘परिसीमा-निर्बंध’ हवं.

ठिणगी: निर्बंध म्हटलं की लॉकडाउन आठवतो.

टळटळीत: ‘सत्ताबदल’ चालतो ना? तोही फारसी-संस्कृत-देशी काहीतरी मिश्रणच असेल.

शुद्धमती: सत्ता संस्कृत, बदल अरबी. आधी कोश उघडा.

साखरवाले नाना: ते असू दे. वर सगळे ‘नळी’ लिहिताय. नळी मटणात असते. कारखान्यात ट्यूबच, अनेकवचन ट्यूबा.

शुद्धमती: ‘ट्यूबा’ हे अनेकवचन कुठल्या नियमाने?

साखरवाले नाना: सीझन संपल्यावर त्या साफ करायला लागतात, त्या नियमाने.