नोंदणी म्हणजे खात्री नव्हे
एखाद्या कंपनीची सरकारी नोंदणी सापडली म्हणजे ती कंपनी खरी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नावाने शोधू नका, नोंदणी क्रमांक मागून घ्या. एका अक्षराचा फरक असलेल्या दोन कंपन्या सहज सापडतात. मी आधी स्थापनेची तारीख आणि शेवटचा ताळेबंद कधी भरला ते बघतो. २० वर्षांचा अनुभव सांगणारी कंपनी गेल्या वर्षी नोंदलेली निघाली, तर स्पष्ट विचाराच! ब्रिटनच्या कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही कागदपत्रं २०१५पासून फुकट बघता येतात. इतर देशांतल्या कंपनीसाठी एलईआय, म्हणजे संस्थेची जगभर ओळख पटवणारा २० अक्षरं-अंकांचा क्रमांक मागा. तो सगळ्यांकडे नसतो, पण असला तर जीएलईआयएफ या एलईआयचं काम बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत तपासता येतो.