मायग्रेनला १०% मिळाले: हायर-लेव्हल रिव्ह्यू की सप्लिमेंटल क्लेम?

फाइलवाला
अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने (व्हीए) मायग्रेनला भरपाईसाठी १०% अपंगत्व दिले की लोक तिरीमिरीत फॉर्म २०-०९९६ भरतात, म्हणजे हायर-लेव्हल रिव्ह्यू: वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तीच फाइल पुन्हा वाचून घेणं. माझ्या मते मायग्रेनच्या बाबतीत ही वाट बहुधा फुकट जाते. रिव्ह्यूत नवा कागद चालत नाही. निकालाच्या दिवशी फाइलमध्ये जे होतं तेवढंच वाचलं जातं, आणि मायग्रेनच्या फाइलमध्ये नेमकं हवं तेच नसतं.

मायग्रेनला किती टक्के द्यायचे ते ठरवणारा खात्याचा कोड ८१०० बघा. दोन महिन्यांतून सरासरी एक आडवं पाडणारा झटका असेल तर १०%, महिन्याला एक असेल तर ३०%. फार वारंवार, पूर्ण लोळवणारे, लांबणारे आणि रोजीरोटीवर गंभीर परिणाम करणारे झटके असतील तर ५०%. त्यापुढे या कोडात काही नाही. डॉक्टरच्या नोंदीत मात्र असतं, ‘महिन्यातून चारदा डोकेदुखी, सुमाट्रिप्टान (मायग्रेनची गोळी) दिले.’ माणूस गोळी घेऊन कामावर गेला की अंधार करून पडून राहिला, हे त्यावरून कसं कळणार? दुखण्याचे दिवस मोजून टक्के मिळत नाहीत, आडवं पडण्याचे मोजून मिळतात.

म्हणून सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नवा पुरावा जोडून पुन्हा केलेला दावा, फॉर्म २०-०९९५. सोबत निदान तीन-चार महिन्यांची वही जोडा: तारीख, झटका कधी सुरू झाला, कधी ओसरला, किती तास पडून होता, उलटी झाली का, गोळी कधी घेतली, कोणतं काम बुडालं. शिवाय बायकोचा किंवा सहकाऱ्याचा जबाब फॉर्म २१-१०२१० वर. ‘त्याला फार त्रास होतो’ असला जबाब कुचकामी. ‘खिडक्यांना ब्लँकेट लावते, मुलांना शेजारी पाठवते, तो संध्याकाळपर्यंत उठत नाही’ हा कामाचा.

उलटतपासणी
अर्धंच बरोबर. आधी खात्याने करवलेल्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल (डीबीक्यू) हातात घ्या, फॉर्म २०-१०२०६ भरून मागता येतो. त्यात झटक्यांच्या वारंवारतेला चौकटी असतात. तपासणाऱ्याने ‘महिन्यातून एकापेक्षा जास्त’वर खूण केली असेल आणि तरी निकालपत्र १०% म्हणत असेल, तर नवा पुरावा कशाला हवा? ती वाचणाऱ्याची चूक आहे आणि रिव्ह्यू त्यासाठीच आहे. अर्जातच इन्फॉर्मल कॉन्फरन्स, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याशी फोनवर बोलणं, मागा आणि फोनवर गाऱ्हाणी न गाता पानाचा नंबर सांगा.

दुसरं, पुरावा गोळा करण्यात खात्यानेच कसूर केली असेल, उदाहरणार्थ तुम्ही कळवलेल्या दवाखान्याचे कागद मागवलेच नसतील, तर रिव्ह्यूवाला फाइल दुरुस्तीला परत पाठवतो. मग पुरावाही येतो. ‘फुकट’ म्हणणं अतिशयोक्तीचं आहे.

फाइलवाला
खूण स्पष्ट असेल तर रिव्ह्यू करा, मान्य. पण बहुतेक जण अहवाल न वाचताच अर्ज टाकतात, तक्रार त्यांच्याबद्दल आहे. आणि रिव्ह्यूच्या निकालावर पुन्हा रिव्ह्यू मागता येत नाही, हेही सांगा की.

उलटतपासणी
नाही येत. पण रिव्ह्यू हरल्यावर वर्षाच्या आत सप्लिमेंटल टाकला की भरपाई जिथून मोजतात ती मूळ तारीख शाबूत राहते. एक वर्ष आणि एक दिवस झाला की थकबाकीवर पाणी.

नवखा
भारतात सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनला २०% चे ५०% धरतात, तसं इथे काही? आणि नोकरी चालू असेल तर ५०% विसरायचे का?

मधला_बाक
तसं राऊंडिंग इथे नाही. अनेक दुखण्यांचा एकत्रित आकडा जवळच्या दहावर नेतात एवढंच, आणि बेरीजही सरळ नसते: ५० आणि ३० मिळून ६५, म्हणून ७०.

नोकरीचं म्हणाल तर पिअर्स वि. प्रिन्सिपी (२००४) मध्ये कोर्टाने सांगितलं की ५०% साठी माणूस बेरोजगारच असायला हवा असं नाही. पण लगेच हुरळू नका. जॉन्सन वि. विल्की (२०१८) नुसार या कोडाच्या पायऱ्या एकावर एक रचलेल्या आहेत. वारंवारता भरपूर, पण झटका लांबतो याचा मागमूस नाही, तर ३०% वरच थांबाल. त्यामुळे वहीपेक्षा नोकरीचे कागद जड: एफएमएलए (आजारपण-कुटुंबासाठीच्या रजेचा अमेरिकी कायदा) रजेचे अर्ज, बिनपगारी दिवस, गैरहजेरीची ताकीदपत्रं, पद उतरवल्याची नोंद. दोन्हींच्या तारखा जुळल्या पाहिजेत. वहीत मंगळवारी झटका आणि हजेरीपटावर त्याच दिवशी ओव्हरटाइम, मग बाकीची वहीही संशयात.

फाइलवाला
हे पटलं. त्यात एक भर: ज्यांचा दावा टक्केवारीवर नाही, ‘लष्करी सेवेशी संबंध नाही’ म्हणून फेटाळला गेलाय, त्यांनी वहीत वेळ दवडू नये. तिथे वैद्यकीय मत लागतं. मायग्रेन दुय्यम, म्हणजे आधीच मान्य झालेल्या दुखण्यातून आलेलं, म्हणून मागत असाल (मेंदूची जुनी इजा, पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास, मान) तर मतात दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: त्यामुळे झालं का, आणि त्यामुळे वाढलं का. खात्याचे तपासनीस बरेचदा पहिल्यालाच ‘नाही’ लिहून सही करतात. दुसरा प्रश्न अनुत्तरित असेल तर तपासणीच अपुरी, आणि ते दाखवायला रिव्ह्यूसुद्धा चालतो. घ्या, तुमच्या बाजूने बोललो.

उलटतपासणी
उपकार झाले. पण विकतची मतपत्रं आणू नका. फाइल न वाचता ‘निदान पन्नास टक्के शक्यता’ एवढं वाक्य छापून देणारे डॉक्टर आहेत. कारणमीमांसा नसलेल्या मताला वजन मिळत नाही.

मधला_बाक
आणि बोर्डाकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या अपिलांच्या मंडळाकडे, फॉर्म १०१८२ वर जायचंच असेल तर रांग विचार करून निवडा. थेट रांगेत नवा कागद नाही, पुराव्याच्या रांगेत अर्जापासून ९० दिवस, सुनावणीच्या रांगेत सुनावणीनंतर ९० दिवस. त्या मुदतीबाहेर पाठवलेली वही न्यायाधीश उघडत नाही.