नाताळची नानकटाई, बोलिन्हास, कुलकुल : तुमच्या घरची साधी कृती सांगा

नगरची लेक
आज भाजी आणायला गेले तर एका हातगाडीवर नानकटाई दिसली. प्रत्येकीवर मधोमध एकच चारोळी. पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले मी.

चारोळी ही आमच्या आजीची खूण. नगरला नाताळच्या आधी आठवडाभर बेकरीत नंबर लावावा लागायचा. मैदा, पिठीसाखर, डालडा आपला न्यायचा. भट्टी आणि पत्रे बेकरीवाल्याचे, किलोमागे भाजणावळ द्यायची. एका वेळी पाच-सहा घरांचे पत्रे आत जायचे, मग आपली ओळखायची कशी? कुणी बेदाणा लावायचं, कुणी टुटीफ्रुटी, एक काकू नुसता अंगठा दाबायच्या. आमची चारोळी. पत्रे बाहेर आले की आम्ही पोरं "चारोळी आमची, चारोळी आमची" ओरडत पुढं घुसायचो.

साजूक तूप परवडायचं नाही, डालडाच. माप आजीनं गाण्यासारखं पाठ करून घेतलं होतं : किलो, अर्धा, पाऊण. किलो मैदा, अर्धा किलो साखर, पाऊण किलो डालडा. वर वेलदोडा-जायफळ, चिमूटभर मीठ, छोटा चमचा सोडा. डिसेंबरच्या थंडीत डालडा दगड व्हायचा, म्हणून आधी परात उन्हात. मग तळहातानं साखर-डालडा फेसायचा, पांढराशुभ्र आणि हाताला हलका लागेपर्यंत. मैदा घातला की मात्र आजी हात मागं ओढायची. "मळू नकोस गं, नुसतं गोळा कर." मळलं की नानकटाई कडक होते, हे खरंच आहे.

तुमच्याकडं नाताळला काय व्हायचं? थोड्या पैशांत होणारं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी शिकवलेलं. सांगा ना.

पावशेर
भाजणावळ! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आम्ही दिवाळीला न्यायचो. डोक्यावर डबा, त्यावर ओलं फडकं.

बार्देसकर
आमच्या घरी नाताळ नाही, पण शेजारच्या माईंकडून दरवर्षी ताट यायचं, कोंसोआद. त्यातलं दोदोल, म्हणजे गूळ-नारळाचा हलवा, ते मोठ्यांचं. बोलिन्हास, म्हणजे रवा-खोबऱ्याची बिस्किटं, ती आम्हा मुलांची. नारळ दारचा, अंडी घरच्या कोंबड्यांची, विकत काय तो रवा आणि साखर. दोन्ही पाव-पाव किलो, एक नारळ, दोन अंड्यांचा पिवळा बलक. साखरेच्या पाकात वाटलेलं खोबरं आणि रवा परतायचा, निवल्यावर बलक घालायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचं. ही रात्र चुकवू नका. रवा भिजला नाही तर दाताखाली कचकच लागते.

सकाळी गोळे चपटे करून वर काट्यानं आडवे-उभे चर. माईंकडं ओव्हन नव्हता. खाली चुलीचा मंद जाळ आणि वरच्या पत्र्यावर निखारे. भाजताना खोबऱ्याचा जो वास सुटायचा, तो आमच्या वर्गापर्यंत यायचा असं मी आजही शपथेवर सांगेन.

वसईची सून
आमचं भाजलेलं नाही, तळलेलं आहे, तरी सांगते. कुलकुल. मैदा, नारळाचं दूध, अंडं, थोडी साखर. सासूबाईंच्या कपाटात एक पिवळा कंगवा आहे, कुणाच्या केसाला कधी लागलेला नाही. बोराएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी वळी होते. चार जणी बसल्याशिवाय उरकत नाही. आमच्या लग्नाचं नक्की झालं तेसुद्धा कुलकुल वळतानाच. सासूबाई माझे हात बघत होत्या म्हणे 😀

पावशेर
@वसईची सून आणि वळी उलगडली असती तर?? 😂

वसईची सून
तर आज मी दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटातला कंगवा शोधत असते.

दोन डबे
ओव्हन नाही घरात. कुकरमध्ये होईल का नानकटाई

नगरची लेक
@दोन डबे होईल. तळाशी मीठ किंवा वाळू पसरा, वर स्टँड, त्यावर ताटली. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्या, पाणी अजिबात नाही. आधी दहा मिनिटं तापवा, मग मंद आच. वरून रंग येत नाही, खालून बघा.

न्यूजर्सीकर
मुलांना शाळेत सोडून गाडीतच लिहितोय. इथं आमच्या समोर एक आजी राहायच्या, एकट्याच. पहिल्या डिसेंबरात आम्ही दोघं नवे, खिशात मोजके डॉलर, ओळख कुणाची नाही. त्या ताटलीभर पीनट बटर कुकी घेऊन आल्या. कृती पाकिटाच्या मागं लिहून दिली : एक कप पीनट बटर, एक कप साखर, एक अंडं. मैदासुद्धा नाही. गोळे काट्यानं दाबायचे, १७५ अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं. गरम असताना उचलायच्या नाहीत, भुगा होतो. बार्देसकरांचे ते चर वाचले आणि डोळ्यासमोर त्यांचाच काटा आला. त्या गेल्याला तीन वर्षं झाली. पाकीट फ्रीजवर आहे अजून.

बार्देसकर
🙏 करत राहा त्या.

अळूवडी
अंड्याशिवाय काय आहे? सासूबाईंना चालत नाही

पावशेर
@अळूवडी वरची नानकटाई बघा, अंडं कुठाय त्यात. नाहीतर शॉर्टब्रेड, ते स्कॉटलंडचं. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, वजनानं. वाटीनं मोजाल तर बिघडेल.

अळूवडी
घरचं लोणी चालेल? आमच्याकडं दूध बदललंय, साय धड येत नाही हल्ली. तुम्ही कुठलं घेता सगळे?

वसईची सून
म्हशीचं घ्या हो. घरच्या लोण्यातलं पाणी नीट निथळून घ्या मात्र.

शेजारीण
मी ब्राह्मणगल्लीतली, शाळा मात्र नगरच्या मिशनची. नाताळला मैत्रिणीकडून करंज्या, चकल्या, शंकरपाळे यायचे. आई म्हणायची, "दिवाळी दुसऱ्यांदा आली गं." आणि त्या ताटात कोपऱ्यात चार नानकटाया असायच्या. @नगरची लेक, चारोळी असायची का हो वर? आठवायचा खूप प्रयत्न करतेय.

नगरची लेक
@शेजारीण कुठल्या साली होतात शाळेत? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

दोन डबे
कुकरमध्ये लावल्या. पहिला घाणा थोडा करपला, दुसऱ्याला छान चिरा पडल्यात. चारोळी नव्हती घरात, अर्धा अर्धा शेंगदाणा लावलाय. मुलगी विचारतेय, ही आपली खूण का?