आजोबांचा चार पात्यांचा चाकू: उन्हाळ्यात मूठ तडकते आहे, काय करावे?

नमस्कार. माझे आजोबा १९३४ साली भुसावळला रेल्वेत नोकरीला लागले. त्यांच्या पेटीत सापडलेल्या एका मिटत्या चाकूमुळे मला हातघडणीचे, अनेक पात्यांचे चाकू जमवण्याचा नाद लागला आणि आज माझ्याकडे असे अकरा चाकू आहेत. त्यांतला तो पहिलाच चाकू आता अडचणीत आला आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मोठ्या पात्याच्या बुडाशी इंग्लंडमधील शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीची चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही खूण असून वर मुकुटाच्या दोन बाजूंना जी आणि आर ही अक्षरे आहेत. आजोबांच्या नोकरीचा काळ पाहता ही अक्षरे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याची, म्हणजे हा चाकू १९१० ते १९३६ मधला असावा. या खुणेच्या नकला पुष्कळ झाल्या, त्यामुळे मी केवळ खुणेवर विसंबत नाही. पण पाते मिटताना येणारा खणखणीत ‘टक्’ आवाज, आणि बोट फिरवले तरी सांधा जाणवू नये इतकी स्प्रिंगच्या पाठीशी सपाट जुळलेली पितळी अस्तरे (मुठीच्या आतले पत्रे), ही कारागिरी नकलेत सहसा दिसत नाही. पाती चार असली तरी स्प्रिंगा दोनच आहेत; प्रत्येक स्प्रिंग आपल्या दोन्ही टोकांनी एकेक पाते दाबून धरते. सर्वांत लहान पाते मूळचे पिसाची लेखणी तासण्याचे, म्हणजे आपल्याकडच्या कलमतराशीचे भावंडच. आजोबा मात्र त्याने पेन्सिलीला टोक काढत.

मूठ पिवळसर पांढरी आहे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, तर हाडावर काळसर ठिपके दिसतात. भिंगातून मला ठिपके दिसले आणि खरे सांगायचे तर हायसे वाटले, कारण हस्तिदंत निघाला असता तर वन्यजीव संरक्षण कायद्याची वेगळीच काळजी लागली असती.

आता अडचण अशी की, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या या चाकूच्या मुठीला मधल्या रिव्हेटपासून (मूठ जोडणाऱ्या खिळ्यापासून) केसाएवढी चीर पडली. पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते आणि होळीनंतर पुन्हा उघडते. हाड सुकून आकसते आणि रिव्हेट त्याला हलू देत नाही, हे कारण मला कळते. उपाय कळत नाही. आईच्या सांगण्यावरून मी त्यावर शेंगदाण्याचे तेल चोळले, ती चूकच झाली, कारण ते तेल सांध्यात चिकट होऊन बसले आणि दोन पाती उघडेनात. शिलाई मशीनचे तेल थेंबाथेंबाने सोडून आठवडाभराने ती सुटली. धार लावणाऱ्या एका कारागिराने ‘चाकावर धरून नव्यासारखा करून देतो’ असे सांगितले, पण चाकाने खूण पुसट झाली असती आणि पाते तापले असते तर त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असते, म्हणून मी नकार दिला.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की, ही चीर डिंकाने किंवा मेणाने भरावी का? भरल्यावर पावसाळ्यात हाड फुगले तर मूठ शेजारी दुसरीकडे फुटेल, अशी मला भीती वाटते. न भरता केवळ जागा बदलून, लाकडी पेटीत आणि माठाच्या खोलीसारख्या थंड खोलीत ठेवल्याने निभावेल का, आणि तसे केल्यास दमटपणामुळे पात्यांना गंज चढू नये यासाठी आपण काय करता? माझ्याकडे सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) मुठीचाही एक चाकू आहे. जुन्या सेल्युलॉइडमधून निघणारा वायू आसपासच्या पोलादाला गंजवतो, म्हणून तो मी आधीच वेगळा काढला आहे.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे चाक न वापरता, हाताने रिव्हेट बदलून देणारा कारागीर कोणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावे. चिरेची आणि खुणेची छायाचित्रे पहिल्या प्रतिसादात देतो.