थेरपीत मूल पुढे सरकतेय, हे तुम्हाला कशावरून कळले? (अनुभव धागा)

बिहेवियर थेरपी सुरू झाली की जो भेटेल तो विचारतो, "फरक पडला का?" हट्ट, चावणे, किंचाळणे एका दिवसात जात नाही. आधी ते लवकर आटपते, मग विरळ होते. ही मधली अवस्था तुम्हाला कशात दिसली ते गोव्यातल्या पालकांनी, आजी-आजोबांनी, शिक्षकांनी लिहा. मुलांची आणि शाळांची नावे नकोत.

आई, डिचोली
मुलाला ऑटिझम आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे त्याला शिक्षाच. तरी माहेरी जाताना तो टळत नाही. थेरपिस्टनी तीन रकाने लिहायला सांगितले होते: आधी काय घडले, त्याने काय केले, त्यावर आम्ही काय केले. रोज लिहिताना काहीच जाणवायचे नाही. पावसाळा संपल्यावर मागची पाने चाळली. रडणे दर शुक्रवारी होतेच. पण सुरुवातीच्या पानांवर तो बाजारात शिरतानाच जमिनीवर लोळण घेत होता. नंतर नंतर मासळीच्या बाजूला पोचेपर्यंत टिकायला लागला, आणि बस स्टँड यायच्या आत शांतही व्हायला लागला. एका नोंदीत मी लिहिले आहे, "माझा हात धरून बाहेर ओढत होता." ते लिहिताना मी वैतागले होते. थेरपिस्टनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. लोळण घेण्याऐवजी त्याने "मला इथून ने" असे हाताने सांगितले होते. अजून तो बोलत नाही, पण सांगतो.

पपा, वाळपई
आमचे आधी बिघडले आणि मग सुधारले. जेवताना मोबाईल बंद केला, तर पहिल्या आठवड्यात थयथयाट दुप्पट. ताटे उडाली. थेरपिस्टनी आधीच बजावले होते की ज्या वागण्याने इतके दिवस हवे ते मिळाले, ते मिळेनासे झाले की ते वागणे आधी उसळते. त्यामुळे आईला (माझ्या) आधीच विश्वासात घेतले होते, कोणीही गुपचूप मोबाईल द्यायचा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायचे, पण तिने शब्द पाळला. ही उसळी पाहून थेरपी सोडणारे पालक मला ठाऊक आहेत, म्हणून लिहितोय. मात्र मूल स्वतःला इजा करत असेल तर वाट बघू नका, लगेच थेरपिस्टला फोन करा.

आजी, फोंडा
चवथीला घरी घुमट आरती असते. घुमट, शामेळ, कासाळे, सगळी वाद्ये एकदम. नातू मागच्या खोलीत दार लावून उशीत तोंड खुपसायचा. यंदा दार उघडे ठेवून बसला होता. पाहुण्यांना ते दिसले नाही, मला दिसले.

विशेष शिक्षिका, पर्वरी
आजी, हीच नजर हवी. आम्ही बघतो ते मदत किती लागते. बूट घालताना आधी हात धरावा लागतो, मग नुसता स्पर्श पुरतो, मग खूण, मग एक शब्द. बूट शेवटी मुलाने घातलेलेच असतात, पण मदत कमी होत गेली ती प्रगती. थेरपीच्या खोलीत जमलेले मामाच्या घरीही जमते का, हेही बघा.

2016 साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात गोवा आणि रावळपिंडी इथल्या ऑटिझम असलेल्या 65 मुलांचा अभ्यास आला होता. आरोग्य कार्यकर्ते पालकांना त्यांचेच मुलासोबत खेळतानाचे व्हिडिओ दाखवून मार्गदर्शन करत. मूल आपणहून संवाद सुरू करते का, हे त्यात पाहिले होते आणि फरक तिथे दिसला. घरीही दर महिन्याला त्याच खेळाचा, त्याच जागी छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

आई, पेडणे
मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही. शाळेच्या डायरीत अजून तक्रारी येतात. पण आधी "वर्गातून पळून गेली" असायचे, आता "जागेवर उभी राहते". माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे! मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये पुन्हा पळाली होती. सवय तुटल्यावर असे होते म्हणतात, आणि खरेच, पहिल्यापेक्षा लवकर रुळावर आली.

बाबा, मडगाव
आमच्या वहीत काहीच हलत नाही. किती थांबायचे?

विशेष शिक्षिका, पर्वरी
नुसते थांबू नका. वही घेऊन थेरपिस्टसमोर बसा आणि ध्येयाचे आणखी लहान तुकडे करून मागा. "शांत बसणे" याऐवजी "एक घास होईपर्यंत बसणे". शिवाय कान, दात, झोप, बद्धकोष्ठ डॉक्टरांकडून तपासून घ्या. न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे बरेचदा वागण्यातूनच बाहेर येते. तरीही काही हलले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला संकोच करू नका.