सहाव्या 'सोलकॅलिबर'ला शिळी कढी म्हणणाऱ्यांस

पंचगंगाकाठ :

'दक्षिणद्वार' यांनी परवा इथे 'सोलकॅलिबर' या शस्त्रांच्या लढतींच्या व्हिडिओ गेमच्या सहाव्या भागाची बोळवण "शिळ्या कढीला ऊत" या तीन शब्दांत केली आणि पाचव्या भागात जे धाडस होते ते निर्मात्यांनी घाबरून गुंडाळून ठेवले, असेही वर सुनावले. दोन दिवस मी गप्प राहिलो. पण ज्या भागाने मला सहा वर्षांनी पुन्हा कंट्रोलर हातात घ्यायला लावला, त्याचा निकाल असा उभ्या उभ्या लागलेला पाहवला नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

खेळ आला तो दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑक्टोबर २०१८ ला. आमच्या घरी खंडेनवमीला वडिलांची लेथवरची हत्यारे, व्हर्नियर आणि आजोबांची म्यान हरवलेली तलवार पूजेला मांडतात. मी त्यांच्या शेजारी कंट्रोलर ठेवला आणि आईने तो काही न बोलता उचलून टीव्हीखाली ठेवला. तेव्हा माझा कल कुणीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता पाचव्या भागाचे धाडस पाहू. २०१२ साली त्यांनी कथा एकदम १७ वर्षे पुढे नेली. सोफिटियाच्या जागी तिची मुले पॅट्रोक्लस आणि पिरा आली, टाकीच्या जागी तिची शिष्या नात्सू आली, शियांगहुआच्या जागी तिची मुलगी आली. आणि तालिम, कॅसँड्रा, झासालामेल यांचा तर पत्ताच नव्हता. नवी पिढी आणण्याला माझी हरकत नाही, पण वस्तादांच्या हाती एका रात्रीत नारळ द्यायचा आणि पोरांची ओळखही धड करून द्यायची नाही, याला धाडस म्हणत नाहीत. वीस प्रकरणांची कथा, त्यातही बराचसा भाग रेखाटनांवर आवाज चढवून उरकलेला. सहाव्याने निदान १९९८ च्या पहिल्या 'सोलकॅलिबर'च्या काळात परत जाऊन तीच गोष्ट नीट मांडायला घेतली आहे, आणि समोरचा वार परतवणाऱ्या ज्या गार्ड इम्पॅक्टसाठी पाचव्यात गेज, म्हणजे साठवलेली शक्ती, खर्च करावी लागे, तो पुन्हा फुकट केला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या मालिकेचा जीव पायांत आहे. आठही दिशांना मोकळे चालता येऊ लागले तेव्हापासून उभा वार बगल देऊन चुकवायचा आणि बगल देणाऱ्याला आडव्या वाराने गाठायचे, हाच सगळा खेळ आहे. रिव्हर्सल एज नावाच्या नव्या डावाने नेमके ते पायच बांधले आहेत. एक बटण दाबायचे, समोरच्याचा वार अंगावर झेलायचा, मग चित्र संथ होते आणि दोघे शूरवीर दगड-कागद-कात्री खेळत बसतात. ऑनलाइन तर प्रत्येक फेरीत दोन-तीनदा हे नाटक पाहावे लागते. यावर 'दक्षिणद्वार' यांनी एक अक्षर लिहिलेले नाही.

दक्षिणद्वार :

माझ्या परिच्छेदातले एक वाक्य उचलून त्यावर एवढा निबंध लिहिल्याबद्दल आभारी आहे. आपण पाचवा भाग किती तास खेळलात, हे मात्र निबंधात कुठे आढळले नाही. चौथ्याचे ऑनलाइन सामने ज्यांनी सोसले आहेत, त्यांना पाचव्याने काय सुधारणा केली होती ते सांगावे लागत नाही. पात्रनिर्मितीही तेव्हाच मोकळी झाली. कथा अर्धीमुर्धी होती, हे मी कधीच नाकारलेले नाही. परंतु एक मजला कच्चा निघाला म्हणून सगळे घर जोत्यापर्यंत उतरवून तेच जुने घर पुन्हा बांधायचे आणि वास्तुशांतीचे जेवण नव्याने घालायचे, याला शिळी कढी म्हणू नये तर काय म्हणावे?

आपण ज्याच्यावर सौम्यपणे मौन पाळले, ते टिरा या पात्राचे प्रकरण मी बोलतो. खेळ बाजारात आला त्याच दिवशी टिरा तयार होती आणि तिचे पैसे वेगळे होते. कोल्हापुरात कोणी ताट वाढून पांढऱ्या रश्श्याचे वेगळे बिल लावले असते, तर त्या खानावळीचे काय झाले असते, याची आपल्याला कल्पना आहे.

रिव्हर्सल एजविषयी एवढेच सांगतो की ब्रेक अटॅकने, म्हणजे बचाव फोडणाऱ्या खास वाराने, ते फुटते. सराव विभागात अर्धा तास घालवला असता तर तक्रारीचा अर्धा भाग लिहावा लागला नसता.

फरीगदका :

शस्त्रांच्या खेळावर चर्चा चालली आहे असे समजून वाचायला घेतले. इथे शस्त्र सोडून सगळे आहे.

मी चौदा वर्षे मर्दानी खेळ करतो, आणि मुलाच्या हट्टापायी हा खेळही घरात आला आहे. त्यातला व्होल्डो दोन्ही हातांत कट्यारी घेतो. कट्यारीची मूठ आडवी असते, त्यामुळे पाते हाताच्या रेषेत येते आणि खांद्याचा सगळा जोर सरळ टोकात उतरतो. ते भोसकण्याचे हत्यार आहे. हा गृहस्थ त्यांनी मांजरासारखा ओरबाडतो, पालथा होऊन चालतो आणि लोक त्याला गूढ म्हणतात. तेही एक वेळ सोसेन. परंतु वीसएक वर्षांच्या या मालिकेत दांडपट्टा घेऊन लढणारे एकही मुख्य पात्र नाही, हे मला समजत नाही. दुसऱ्या कथांतले पाहुणे म्हणून चौथ्या भागात योडा चालला, डार्थ व्हेडर चालला, पाचव्यात एत्सिओ, आता गेराल्ट. नवीन आलेला अझवेल हवेतून तलवार, भाला, कुऱ्हाड हवे ते काढतो. पट्टा तेवढा कोणाला सुचला नाही. ज्यांनी पट्टा हातात घातला आहे, त्यांना ठाऊक आहे की हात कोपरापर्यंत लोखंडात अडकला की मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि एका वाराचा झोक न मोडता त्यातच दुसरा वार उचलावा लागतो. आडवा, उभा, फिरता. पडद्यावर याहून देखणे काय दिसले असते?

दक्षिणद्वार :

आपल्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की कथा सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. अगदी पाचव्या भागाचे १६०७ साल धरले, तरी शिवरायांच्या जन्माला २३ वर्षे बाकी होती. प्रत्येक जपानी खेळात आपला मावळा शोधण्याची ही सवय आपण कधी सोडणार आहोत?

फरीगदका :

मावळा हा शब्द मी वापरलेला नाही. तो आपल्या मनातून आला. १५६५ साली राक्षसतागडीला दख्खनच्या फौजा काय रिकाम्या हातांनी लढल्या होत्या? अथेन्सच्या रोटीवाल्याची मुलगी सोफिटिया दैवी तलवार घेऊन युरोपभर फिरते, तेव्हा आपल्याला सनावळी आठवत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने पट्ट्याचे नाव घेतले की लगेच आठवते.

पंचगंगाकाठ :

दोघांनाही विनंती आहे की हा धागा सहाव्या भागाविषयी आहे. पट्ट्यासाठी वेगळा धागा काढावा.

राजारामपुरी, सहावी गल्ली :

वेगळा धागा काढला तर तो कोणी वाचणार नाही, म्हणून इथेच लिहितो.

२००४ पासून पाच वर्षे मी गेमचे पार्लर चालवले. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन टू, तासाला वीस रुपये, आणि दुसऱ्या भागाची एक सीडी इतकी ओरखडलेली की तिला रोज सदऱ्याच्या टोकाने पुसून देवाचे नाव घ्यावे लागे. पार्लरमध्ये एक वस्ताद होता, मित्सुरुगी हे पात्र घेऊन दिवसभर कोणाला उभे राहू देत नसे. त्याला बगल यायची, गार्ड इम्पॅक्ट यायचा, सगळे यायचे. आणि त्याच्यापायी माझा चौथा टीव्ही दुपारभर रिकामा राहायचा, कारण त्याच्याकडून तीनदा मार खाल्लेला मुलगा पुन्हा येत नसे. एकदा सातवीतला एक पोरगा मॅक्सी घेऊन बसला आणि डोळे मिटून बटणे बडवत सुटला. त्या ननचाकूंतून काय निघत होते ते त्याला स्वतःलाही कळत नव्हते, पण वस्ताद दोन फेऱ्या हरला. तो पोरगा पुढे वर्षभर रोज आला आणि त्या वर्षात खरोखर खेळायला शिकला.

तेव्हा दगड-कागद-कात्रीला नाके मुरडणाऱ्यांना माझे सांगणे आहे की नवख्याच्या हातात एक दैवाचा डाव असावा लागतो. तो नसेल, तर पाच-सहा पंडित उरतात आणि सातव्या भागाला गिऱ्हाईक उरत नाही. माझे पार्लर मोबाइलने बंद पाडले असे लोक म्हणतात. थोडेसे त्या मित्सुरुगीवाल्यानेही पाडले.

फरीगदका :

हे समर्थन ऐकून हसू आले. मला वस्तादांनी पहिले तीन महिने हातात काठीसुद्धा दिली नव्हती. नुसता पवित्रा चालवून घेतला. पाय बसल्यावर हात आपोआप बसतो, असे ते म्हणत. नवख्याला जिंकवण्यासाठी पाय बांधणारा खेळ मर्दानी खेळ नव्हे आणि बहुधा खेळही नव्हे. या एका मुद्द्यावर 'पंचगंगाकाठ' यांचे बरोबर आहे, जरी त्यांनी मला बाहेरची वाट दाखवली असली तरी.

राजारामपुरी, सहावी गल्ली :

तीन महिने नुसते चालवून घेणाऱ्या आपल्या आखाड्यात सध्या किती मुले येतात, तेही एकदा लिहावे.

फरीगदका :

सात. त्यांतली दोन माझी. झाले समाधान?

रंकाळ्यावरचा वारा :

काका, सहावी गल्लीवाल्यांचे मनावर घेऊ नका. पण तुम्ही सगळे ज्या दोन ओळींवरून घसरून पुढे गेलात, तिथे मला थांबायचे आहे. 'पंचगंगाकाठ' यांनी पाचव्यात गाळलेल्या पात्रांच्या यादीत तालिमचे नाव घेतले आणि लगेच कथेकडे, मग गेजकडे वळले.

२००३ च्या त्या दुसऱ्या भागात मावसभावाच्या घरी मी तिला पहिल्यांदा निवडले, ते निव्वळ नावामुळे. या गावात प्रत्येक पेठेला तालीम आहे, गणपती तालमीचा, फुटबॉलचा संघ तालमीचा, भांडणेही तालमीचीच. आणि मी तालमीच्या दारातून रोज शाळेला जात असूनही आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते. तेव्हा ही एक तालीम माझी, असे मी ठरवून टाकले. पुढे कळले की तिच्या फिलिपिन्सच्या भाषेत या शब्दाचा अर्थ धार असा आहे, तोही मला चालला. कोपराला लागलेली दोन पाती, पंधरा वर्षांची पुजारीण, आणि वार कमी लांबीचे असल्यामुळे सतत समोरच्याच्या अंगाशी घुसावे लागणे. दहा वर्षे मी तेच खेळले. पाचव्या भागात ती नव्हती. 'दक्षिणद्वार' दादा, तुमच्या धाडसाची किंमत आम्ही मोजली. त्यामुळे तुमची शिळी कढी मी वाडगाभर मागून घेतली आहे.

मात्र मनापासून जेवले, असेही म्हणवत नाही. लिब्रा ऑफ सोल हा सहाव्यातला कथाविभाग म्हणजे मजकुराची रांग आहे; दोन पात्रे समोरासमोर उभी राहतात आणि आपण बटण दाबून दाबून वाचत राहतो. तालिमची स्वतःची कथासुद्धा चित्रांवर आवाज, अशीच आहे. तेव्हा पाचव्याला ज्या कारणासाठी झोडपले, ते सहाव्याला माफ का, याचे उत्तर 'पंचगंगाकाठ' यांनी द्यावे. आणि आयव्ही या पात्राच्या तोकड्या कपड्यांविषयी वीस वर्षांत कोणालाच काही सुचले नाही, हे पट्ट्याइतकेच आश्चर्याचे आहे.

पंचगंगाकाठ :

चित्रांचा मुद्दा मान्य करावा लागतो. सहाव्याची चित्रे संख्येने जास्त आहेत आणि जवळपास प्रत्येक पात्राला स्वतःची कथा मिळाली आहे, एवढाच फरक माझ्या बाजूने उरतो. तो पुरेसा आहे असे मला अजून वाटते. ब्रेक अटॅकचा सरावही काल रात्री केला. 'दक्षिणद्वार' यांचे म्हणणे खरे आहे, हे लिहिताना बोटे जड झाली आहेत. परंतु ते फोडता येते म्हणून ते चांगले ठरते, हे मला पटलेले नाही. रस्त्यातला खड्डा चुकवता येतो म्हणून कोणी खड्ड्याचे कौतुक करत नाही.

दक्षिणद्वार :

बोटे जड झाली असतील तर सामन्याआधी शेकून घ्यावीत. तालिमच्या बाबतीत मी शब्द मागे घेतो. तिला गाळणे धाडस नव्हते, ती चूक होती. बाकीची कढी शिळीच आहे. टिरा मीही शेवटी विकत घेतली, हे इथे कोणी विचारण्याआधी स्वतःच सांगतो.

फरीगदका :

'रंकाळ्यावरचा वारा' यांच्यासाठी : आमच्या सातांपैकी चार मुली आहेत, आणि दार उघडे असते.

काल मुलाबरोबर बसलो. पात्रनिर्मितीत पट्टेकरी घडवण्याचा विचार होता. पण कपडे, चेहरा काहीही घ्या, शस्त्र आणि लढण्याची तऱ्हा मात्र आधीच्याच पात्रांपैकी कोणाची तरी घ्यावी लागते, असे दिसले. म्हणून किलिकची काठी घेतली. ती जवळपास लाठीसारखी चालते, पवित्राही बराचसा ओळखीचा वाटला, आणि तरीही मुलाच्या त्या पालथ्या व्होल्डोने मला सलग पाच वेळा हरवले. प्रत्येक वेळी तेच रिव्हर्सल एज. 'राजारामपुरी' यांनी आनंद मानायला हरकत नाही. किलिकचा ब्रेक अटॅक कोणत्या बटणांनी बसतो, ते कोणी तरी मुलाला न कळवता सांगावे.